माणसं सहा, आवाज सात

बालाघाटात गिटारचं ऑक्टेव्ह पेडल बनवणारा एकच माणूस होता, आणि तो मी. ही फुशारकी समजू नका. दुसऱ्या कुणाला ते बनवायची गरजच पडली नव्हती. सगळा जिल्हा त्यावाचून सुखात होता. माझं दुकान रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि लाउडस्पीकरच्या मशिनी दुरुस्त करायचं. वडील कचेरीत नाझर होते, काका तहसिलीत, मामा पोस्टात. अशा घराण्यातला मुलगा दिवसभर सोल्डरिंगचा धूर खात बसतो, याचं वडिलांना शेवटपर्यंत वाईट वाटलं. कुणी विचारलं तर ते "बिजलीच्या खात्यात आहे" असं सांगायचे.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे ऑर्केस्ट्राची साथ आली होती. गणपती, दुर्गा, लग्न, कुणाची बदली, कुणाची बढती, कशालाही ऑर्केस्ट्रा. नागपूरहून शिकून आलेल्या एका गिटारवाल्याने माझ्याकडे एक परदेशी डबा दुरुस्तीला टाकला. मी तो उघडला, कागदावर उतरवून घेतला, दुरुस्त करून परत दिला आणि मग तसाच घरी बनवायला बसलो. अशा कामाला चोरी म्हणतात, हे मला माहीत आहे. आमच्या धंद्यात त्याला शिक्षण म्हणतात.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेडल म्हणजे पायाने दाबायचा डबा. इलेक्ट्रिक गिटारची वायर आधी या डब्यात जाते आणि मग मशिनीकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरकडे. मध्ये डबा त्या आवाजाचं काय बरंवाईट करायचं ते करतो. ऑक्टेव्ह म्हणजे सप्तक. तार सेकंदाला दोनशे वेळा हलली तर जो स्वर निघतो, चारशे वेळा हलली तर तोच वरच्या सप्तकात निघतो, शंभर वेळा हलली तर खालच्या. तेव्हा डबेही दोन जातींचे, वर नेणारे आणि खाली आणणारे.

वरचा डबा सोपा. तार हलते म्हणजे आवाजाची लाट एकदा वर जाते, एकदा खाली. खालचा भाग उचलून वर केला की एकाच्या जागी दोन उंचवटे होतात, हलणं दुप्पट होतं. रेडिओ विजेवर चालवणाऱ्या बॅटरी एलिमिनेटरमधले डायोड हेच काम रोज करतात, फक्त त्यांना कुणी कलाकार म्हणत नाही. याचा आवाज खरखरीत. पण गिटारच्या मानेजवळचा, तारांचा आवाज पकडणारा पिकअप लावून, टोनचं बटण कमी करून, बाराव्या पडद्याच्या वर वाजवलं तर त्यातून बासरीसारखं काहीतरी निघतं. बाराव्याच्या खाली वाजवणाऱ्याला मी हा डबा कधी दिला नाही.

खालचा डबा मोजणी करतो. दारावर उभ्या चपराशासारखा तो एका लाटेला सोडतो, दुसरीला अडवतो. शंभर आल्या, पन्नास गेल्या. स्वर आपोआप खाली उतरतो. पण चपराशाला एकच रांग मोजता येते. दोन तारा एकदम छेडल्या की दोन रांगा एकमेकींत घुसतात आणि त्याचं डोकं फिरतं. म्हणून एका वेळी एकच स्वर, तोही स्वच्छ छेडलेला. डबा गिटारला लागूनच हवा; आवाज घुमवणारा इको वगैरे बाकीचे डबे त्याच्या पुढे. बॅटरी उतरली की तोतरं बोलतो. आणि आपला मूळ आवाज किती, खालचा किती, यासाठी दोन वेगळी बटणं नसतील तर तो घेऊच नये.

लोक विचारायचे, "यातला अच्छा कोणता?" मी उलट विचारायचो, "तुमच्या पार्टीत कोण नाही?" बेस गिटार वाजवणारा नसेल तर खालचा घ्या. बासरीवाला नसेल तर वरचा घ्या. सगळे असतील तर काही घेऊ नका, घरी जा. या सल्ल्यामुळे माझी गिऱ्हाइकं निम्मी झाली, पण सल्ला आजही बरोबर आहे.

कचेरीतले एक वकील एकदा आले. त्यांचा आवाज फार बारीक होता आणि समोरच्या वकिलाचा भारदस्त. त्यांना खालचा डबा हवा होता, काळ्या कोटाच्या आत लपवता येईल असा. मी समजावलं की माणसाच्या आवाजात दहा गोष्टी एकदम असतात, डबा गोंधळेल. त्यांनी ऐकलं नाही. माइक लावून त्यांनी दुकानातच "माय लॉर्ड" म्हटलं आणि स्पीकरमधून जे बाहेर आलं ते ऐकून रस्त्यावरची गाय पळाली. वकील साहेब माइक खाली ठेवत म्हणाले, "सेशन कोर्टात नाई चालणार. तहसीलमध्ये चालून जाईल का?"

पण लिहायला बसलो ते प्रकाशबद्दल. प्रकाश गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. दिवसा बैलांना नळीने औषध पाजायचा, संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. वय तीस होत आलेलं. दोन स्थळं आली आणि परत गेली. एकाला गुरं नको होती, दुसऱ्याला गिटार. या दोन्हींचं त्याला फारसं दुःख झालं नाही, कारण त्याचं मन तिसरीकडे होतं. लसीसाठी तो कटंगीला ट्रंक कॉल बुक करायचा. तिथल्या एक्स्चेंजमधली ऑपरेटर "नंबर बोला" म्हणायची. त्या दोन शब्दांवर तो भाळला. पुढचं वर्षभर जिल्ह्यातल्या गुरांना जेवढी लागली नसेल तेवढी लस त्याने फोनवरून मागवली.

ही गोष्ट त्याने फक्त मला सांगितली. मुलीचं नाव सुनंदा, घर तिरोडीला, वडील हरदासजी तिथे खाणीवर टाइमकीपर. मध्यस्थ गाठून त्याने रीतसर स्थळ पाठवलं. निरोप आला की गणपतीतल्या कार्यक्रमाला हरदासजी स्वतः येतील, लोकांत बसून मुलाला गुपचूप पाहतील आणि मग ठरवतील.

नेमकी त्याच महिन्यात ऑर्केस्ट्रातल्या बेसवाल्याची बँकेने मंडल्याला बदली केली. तो गेला, जाताना बेस गिटारही घेऊन गेला. खालचा गुरगुरणारा आवाज गेला की ऑर्केस्ट्रा सगळा किरकिरा लागतो.

"भाऊ, आता तुमीच काही करा," प्रकाश दुकानात येऊन म्हणाला. "ते तिरोडीचे येऊन राह्यले. त्यांच्यासमोर पोकळ वाजलं तर माहं काय खरं नाई."

मी पंधरा दिवस खपून माझा सर्वांत चांगला डबा बनवला. सुटे भाग नागपूरच्या सीताबर्डीहून आणले. बाहेरचं खोकं म्हणजे आमच्या घरातला ॲल्युमिनियमचा पानाचा डबा. पायाने दाबायचं बटण कुठे मिळेना, तेव्हा मोडीत निघालेल्या जीपमधलं, पुढचे दिवे वर-खाली करायचं डिपरचं पायबटण काढून लावलं. दाबलं की बंदुकीचा चाप ओढल्यासारखा ठक्क आवाज व्हायचा, पण बटण मात्र हत्ती उभा राहिला तरी मोडलं नसतं. त्या डब्याचा खालचा सूर असा लागायचा, की प्रकाश एक तार छेडायचा आणि त्याच्या मागे दुसरा कुणी जाड माणूस तेच वाजवतोय असं वाटायचं.

कार्यक्रम उत्तम झाला. मी मशिनीजवळ उभा होतो आणि खरं सांगतो, अभिमानाने माझा ऊर भरून आला होता. पाच दिवसांनी प्रकाश हातात पोस्टकार्ड घेऊन आला. त्याचा चेहरा पाहून मी आधी खुर्ची पुढे केली.

हरदासजींनी लिहिलं होतं: "कार्यक्रम समक्ष पाहिला. मंचावर माणसं मोजली, सहा भरली. आवाज मोजले, सात भरले. सातवा माणूस हजर नसताना त्याचा आवाज हजर होता, अर्थात टेप लावलेला होता. अशा बोगस मुलाला मुलगी देता येत नाही."

आता यात त्या माणसाची चूक नव्हती. पंचवीस वर्षं खाणीच्या फाटकावर त्याने हेच केलं होतं. आत किती गेले, बाहेर किती आले. एकाच्या नावावर दुसऱ्याची हजेरी त्याने कधी लागू दिली नव्हती. गाणं ऐकायला बसलेला दुसरा कुणीही माणूस आवाज मोजत बसला नसता.

मी त्यांना तीन पानी पत्र लिहिलं. सप्तक म्हणजे काय, लाट कशी अर्धी होते, सगळं समजावलं आणि शेवटी सर्किटची आकृती काढून दिली. उत्तर दोन ओळींचं आलं: "स्पष्टीकरण वाचले. समाधानकारक नाही. रविवारी सकाळी दहा वाजता प्रत्यक्ष तपासणी करण्यात येईल."

रविवारी दहाला दोन मिनिटं कमी असताना हरदासजी दुकानासमोर उभे होते. उंच, बारीक, पांढरी टोपी, कमरेला साखळीचं घड्याळ. सोबत सुनंदा. मुलीला का आणलं ते त्यांनी स्वतःच सांगितलं. "हे टेलिफोनात आहे. यंत्रातला आवाज कोणता अन् असली कोणता, हिले समजते. मी धोका खाईन, हे नाई खाणार."

आधीच येऊन बसलेल्या प्रकाशने उठून "नमस्कार" म्हटलं. सुनंदाने चटकन वर पाहिलं. तो आवाज तिने वर्षभर ऐकलेला होता.

हरदासजींनी दुकानावरून नजर फिरवली. दुरुस्तीला आलेले नऊ टेपरेकॉर्डर फळीवर होते. "हे सगळे भाइर काढा," ते म्हणाले. मी नऊच्या नऊ बाहेर ओट्यावर मांडले. दोन माणसं थांबून भाव विचारू लागली. एका गिऱ्हाइकाला त्यात स्वतःचा टेप दिसला. झाला वाटतं, म्हणत तो तसाच उघडा घेऊन गेला. आत हरदासजी काउंटरखाली वाकून कुणी बसलेलं नाही याची खात्री करत होते.

"याच्या तोंडातून तर आवाज निघत नसंन ना?" त्यांनी मला विचारलं.

"तोंडातून कसा निघेल? तुम्ही पाहताच आहात."

"पाहून काय होते? पाणी आणा."

प्रकाशने तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि वाजवायचं, असं ठरलं. गाल फुगवून, गिटार गळ्यात अडकवून तो उभा राहिला. त्याच क्षणी सुनंदाने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"दर मंगळवारी लसीचा कॉल लावणारे तुमीच का?"

प्रकाशने डोळे मोठे केले. मान हलवली. घाईत पाणी गिळलं, ठसका लागला.

"कोणती लस?" हरदासजींनी विचारलं.

"लाळ-खुरकताची," मीच उत्तर दिलं.

"हौ. सरकारी काम आहे," ते म्हणाले आणि पुन्हा पाणी भरायला लावलं.

प्रकाशने पायबटण दाबलं, ठक्क. एक तार छेडली. स्पीकरमधून गिटार आणि तिच्याखाली तो दुसरा, जाड आवाज. हरदासजींनी स्पीकरच्या मागे पाहिलं. माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी वाजवून पाहतो."

मला त्यांना अडवायला हवं होतं. ज्याने कधी गिटारला हात लावला नाही तो एक तार छेडत नाही. तो सहाच्या सहा तारांवरून अंगठा फिरवतो. त्यांनीही तेच केलं. चपराशी सहा रांगांत सापडला. स्पीकरमधून असा काही घरघराट निघाला, कण्हणं, ढेकर आणि गुदमरणं एकत्र, की प्रकाशच्या तोंडातलं पाणी फवाऱ्यासारखं बाहेर आलं. हरदासजी दोन पावलं मागे सरकले.

"कोण आहे आत?"

"कोणी नाई हो," प्रकाश म्हणाला. "पोट फुगलेला बैल असाच करते. मले वाटलं, दवाखान्यातूनच कोणी आला."

सुनंदाला हसू आवरेना. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "बाबा, हे टेप नाई. टेप घसरते, अटकते. असं घाबरत नाई."

हरदासजींनी तिच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, घड्याळ काढून उगाच वेळ पाहिली. "ठीक आहे. टेप नाई. मान्य."

प्रकाशने रुमालाने गिटार पुसली. चहा सांगायला मी ओट्यावर गेलो तेवढ्यात मागून त्यांचा आवाज आला. "पण मग तो जाड आवाज डब्याचा. अन् घुमते तो?"

"तो इकोचा. दुसरा डबा," मी म्हणालो.

"हा मोठा?"

"मशिनीचा."

"मंग याचा सोताचा कोणता?"

कार्यक्रमातलं कितीतरी कौतुक मी मनातल्या मनात माझ्या डब्यांच्या नावावर लावून घेतलं होतं, हे तेव्हा ध्यानात आलं. प्रकाशला एकामागून एक डबे मीच दिले होते. डब्यांवाचून त्याने कुणासमोर वाजवलंच नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्याची फार दया आली.

"सगळे वायर काढा," हरदासजी म्हणाले. "नुसतं वाजवू द्या."

इलेक्ट्रिक गिटारला पोट नसतं. ती एक भरीव फळी असते. वायर काढली की तिचा आवाज हातभर अंतरावर संपतो. त्यात समोर रस्ता, तांदुळाचे ट्रक, ऑटोरिक्षा. प्रकाश स्टुलावर बसला, डोळे मिटले, मान खाली घातली आणि बोटं हलू लागली.

थोड्या वेळाने हरदासजी म्हणाले, "सुरू करा."

"सुरू आहे," मी म्हणालो.

ते पुढे आले. वाकले. ऐकू येईना तेव्हा टोपी काढून त्यांनी गिटारच्या लाकडाला कान लावला आणि तसेच राहिले. प्रकाश काहीतरी जुनी, साधी चाल वाजवत असावा. मला ओट्यावरून फक्त बोटं दिसत होती. एक ट्रक गेला, दुसरा गेला. पंचवीस वर्षं फाटकावर उभा राहिलेला तो माणूस पाठीत वाकून एका फळीतलं गाणं ऐकत होता. मग त्यांनी मान न उचलता हातानेच सुनंदाला बोलावलं. ती दुसऱ्या बाजूने वाकली आणि रोज फोन लावते तसा सहज तिने कान लाकडाला लावला. प्रकाशची बोटं एका जागी अडखळली, मग पुढे गेली. डोळे त्याने उघडले नाहीत.

बऱ्याच वेळाने ती उभी राहिली. वडिलांच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलली. हरदासजींनी टोपी घातली आणि दोनदा मान हलवली. मग ती माझ्याकडे ओट्यावर आली.

"काका, गिटार घरी चालंन. तो डबा मात्र तुमच्यापाशीच राहू द्या."

"अगं, पण मग ऑर्केस्ट्रात बेस कोण वाजवणार?"

"कोणी माणूस पाहा ना," ती म्हणाली.

मी आत जाऊन डब्याची बॅटरी काढली. इतकं चांगलं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही, आणि ज्याच्यासाठी केलं त्याचं त्यावाचूनच जमलं. मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. आनंदही झाला, पण तो जरा मागाहून. मी परत ओट्यावर आलो. तिथे हरदासजी मला मुहूर्तासाठी कोणता महिना सोयीचा ते विचारत होते, आणि आत प्रकाश डोळे मिटून, जीव तोडून वाजवतच होता. आपलं लग्न ठरलं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.